एएम की एफएम? आधी गॅसचा लायटर आणा

वाईत छत्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ठरलेलं असायचं : "एफएम झकास वाजतंय, मिडियम वेव्ह नुसती खरखरतेय. कॉइल गेली वाटतं." कॉइल बहुतेक वेळा ठणठणीत निघायची. दोष एएमच्या, म्हणजे मिडियम वेव्हच्या, स्वभावात आणि गिऱ्हाइकाच्या घरातल्या एखाद्या वस्तूत. तो कसा ओळखायचा ते सांगतो. एएम-एफएम दोन्ही लागणारा टू-बँड ट्रान्झिस्टर, नवे सेल आणि स्वयंपाकघरातला टकटक लायटर, एवढं सामान पुरे. ॲडॉप्टर लावू नका, नाहीतर त्याचीच घरघर ऐकत बसाल.

बँडचा खटका एमडब्ल्यूवर करा, म्हणजेच एएम. आमच्याकडे पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झला लागतं, तुमच्याकडे जे लागेल ते लावा. हातभर अंतरावरून लायटर दाबा. प्रत्येक ठिणगीला स्पीकरमध्ये 'टक्' वाजेल. आता एफएमवर जवळचं, दमदार स्टेशन लावून पुन्हा दाबा. गाणं तसंच चालू राहील.

का? उसाचं शेत डोळ्यांसमोर आणा. एएममध्ये निरोप उसाच्या उंचीत असतो : आवाज मोठा तर ऊस उंच, आवाज बारीक तर ऊस बुटका. ठिणगी, वीज, मोटरचा ब्रश हे सगळे याच उंचीत भर घालतात. मग खरा ऊस कुठला आणि वाढीव तण कुठलं, हे रेडिओला कळत नाही. एफएममध्ये निरोप दोन उसांमधल्या अंतरात असतो, म्हणजे कंपनं कधी दाट, कधी विरळ. उंचीशी देणंघेणंच नाही. त्यामुळे एफएमच्या सर्किटमधला लिमिटर बेधडक कोयता चालवतो आणि सगळे शेंडे एका पातळीत छाटतो. खरखर शेंड्यांबरोबर जाते, अंतरं जागच्या जागी राहतात. स्टेशन अशक्त असलं तर मात्र कोयत्याला छाटायला काही उरत नाही, आणि मग एफएमही फसफसतं.

आता ज्या कॉइलवरून एवढी बोंब व्हायची, तिच्याकडे वळू. ही कॉइल आतल्या काळ्या फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली असते आणि तीच एएमचा एरियल. बाहेर ओढायची चकचकीत दांडी फक्त एफएमच्या कामाची, एएमसाठी ती ओढून काही होत नाही. खटका पुन्हा एमडब्ल्यूवर करा, काटा स्टेशन नसलेल्या जागी ठेवा आणि रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी खरखर एकदम बसेल. तेव्हा आतली दांडी साधारण खरखरीच्या उगमाकडे टोक करून असते. त्या दिशेच्या वस्तू एकेक करून बंद करा : एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स. एका आजोबांना मी देवघरातला दिव्यांचा हार काढायला लावला. रेडिओ गप्प झाला, आजोबा मात्र माझ्यावर चिडले. दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

एफएमची ही शांतता फुकट मिळत नाही, जागा लागते. मिडियम वेव्हवर आपल्याकडे स्टेशनं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली, म्हणून आवाजाचा वरचा भाग साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास कापावा लागतो. घुंगरांची किणकिण, तबल्याची चाट तिथेच बोथट होते. एफएमची लहर मधल्या जागेपासून दोन्हीकडे 75 किलोहर्ट्झपर्यंत सरकते आणि आवाज 15 किलोहर्ट्झपर्यंत नेते. 531 ते 1602 किलोहर्ट्झ हा मिडियम वेव्हचा अख्खा पट्टा रिकामा करून दिला तरी, शेजाऱ्यांमध्ये थोडी मोकळी जागा सोडून, त्यात एफएमची जेमतेम पाच स्टेशनं मावतील. म्हणून त्यांचा संसार वर, 88 ते 108 मेगाहर्ट्झला.

वर गेल्याचा तोटा घाटात कळतो. 100 मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची. ती जवळपास सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. 792 ची लहर पावणेचारशे मीटरच्या वर. ती जमिनीला बिलगून पुढे सरकते, त्यामुळे खंबाटकीच्या वळणांवर एफएम तुटतं तेव्हाही मिडियम वेव्ह चालू असते.

शेवटचा प्रयोग रात्री नऊनंतर गच्चीवर मिडियम वेव्ह लावून करा. दिवसा या लहरी शोषून घेणारा आकाशातला थर सूर्य मावळला की विरतो, आणि वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांबची स्टेशनं उतरू लागतात. एकाच जागी दोन आली की दोन्ही ऐकू येतात, मधून शिट्टी. एफएममध्ये असं होत नाही, जोरकस स्टेशन दुबळ्याला गिळून टाकतं. ऐकणाऱ्याला हे सोयीचं वाटेल. पण वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांचं बोलणं 118 मेगाहर्ट्झच्या वर, एफएमच्या शेजारी असूनही, आजही एएमवरच चालतं. दोन विमानं एकदम बोलली तर टॉवरला निदान ती शिट्टी तरी ऐकू यायला हवी.