फ्रेंच शिकताय? आधी इंग्रजीचा टेकू काढा

गोव्यात अकरावीला फ्रेंच घेणारी बरीच मुलं गुणांसाठी घेतात. त्यात काही गैर नाही. पण पुढे बी.ए.ला तोच मुख्य विषय निवडला की पहिल्याच सहामाहीत अनेकांची दमछाक होते. पाठ केलेले संवाद पुरेनासे होतात, सर वर्गात फ्रेंचमधूनच बोलू लागतात आणि हातात थेट कादंबरीतला उतारा पडतो. मग मुलं म्हणतात, 'मला भाषाच जमत नाहीत.' घरात मराठी, बाजारात कोकणी, शाळेत हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या मुलाने असं म्हणावं, हे मला अजिबात पटत नाही. चुकते ती शिकण्याची पद्धत, आणि ती बदलता येते.

सगळ्यात मोठी चूक: फ्रेंच इंग्रजीतून शिकणं

पेडणे, डिचोली, सत्तरीतली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात. तरी फ्रेंच वाक्य समोर आलं की ती आधी त्याचं इंग्रजी करतात. 'तु' आणि 'वू' यांचंच बघा. इंग्रजीतून शिकलं तर दोन्हींचा अर्थ 'यू', मग कुठला कधी वापरायचा ते पाठ करावं लागतं आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांना 'तु' म्हटलं जातं. मराठीतून पाहिलं तर पाठ करण्यासारखं फार काही उरत नाही. 'वू' म्हणजे 'तुम्ही', अनेकांसाठीही आणि एकट्या आदरणीय माणसासाठीही. आईला आपण 'तू' म्हणतो, फ्रेंच मुलंही 'तु'च म्हणतात.

याहून सुंदर उदाहरण भूतकाळाचं आहे. 'मी चिठ्ठी लिहिली' आणि 'मी निबंध लिहिला' यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हे आपल्या कानात लहानपणापासून बसलेलं असतं. फ्रेंचमध्येही कर्माप्रमाणे रूप बदलतं, पण कर्म आधी आलं तरच. 'मी चिठ्ठी लिहिली' याला 'जे एक्री ला लेत्र', तिथे बदल नाही. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना मात्र 'ला लेत्र क जे एक्रीत', कारण 'लेत्र' स्त्रीलिंगी आहे आणि आधी येऊन गेली. इंग्रजीतून येणाऱ्याला हा नियम विचित्र वाटतो. आपल्याला त्यातली फक्त अट लक्षात ठेवायची आहे.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. आपल्याकडे तीन लिंगं, तिकडे दोनच, आणि आपल्या 'घर', 'पुस्तक' अशा नपुंसकलिंगी शब्दांचं तिथे काय होईल याचा काही नेम नसतो. घर स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी. म्हणून वहीत घरासाठी नुसतं 'मेझों' लिहू नका, 'ला मेझों' लिहा, आणि पुस्तकासाठी 'ल लीव्र'. 'ला' स्त्रीलिंगी शब्दाआधी येतं, 'ल' पुल्लिंगी शब्दाआधी. शब्द आणि त्याचं 'ल' किंवा 'ला' एकदमच पाठ व्हायला हवं.

फ्रेंच शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहिणं

मी इथे लिहितोय तसे उच्चार छापील लेखापुरते ठीक. अभ्यासाच्या वहीत ते नकोत. 'तु' मधला स्वर आपल्या 'उ'चा नाही: ओठ 'उ'साठी गोल करायचे आणि जीभ 'ई'च्या जागी ठेवायची. हे कुठलंच देवनागरी अक्षर सांगत नाही. अनुस्वाराचंही तसंच. 'बोंजूर' लिहिलं की तोंडातून 'बोन्जूर' निघतं. त्याऐवजी कोकणीतला 'हांव' आठवा. तिथे 'न' येत नाही, स्वरच नाकातून जातो. फ्रेंचला नेमकं तेच हवं असतं.

वाचता येतं, पण ऐकलेलं कळत नाही?

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. 'ले' आणि 'आमी' (मित्र) हे शब्द वेगवेगळे येत असतात, पण माणूस 'लेझामी' म्हणतो आणि मूल गोंधळतं. एरवी मुका असलेला शेवटचा 'एस' पुढे स्वर आला की 'झ' होऊन जागा होतो. याला ऐकण्यावाचून उपाय नाही. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र मोफत मिळतं, सोबत लिखित मजकूरही. फोंडा-पणजी बसमध्ये एकदा नुसतं ऐका, घरी मजकूर डोळ्यांसमोर धरून पुन्हा ऐका. डेल्फ ही फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राची परीक्षा देणार असाल तर हे टाळूच नका. तिथे ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चार भागांना 25-25 गुण असतात, 100 पैकी 50 लागतात, आणि एकाही भागात 5 पेक्षा कमी पडले तर बाकीचे गुण कितीही असोत, माणूस नापास होतो.

साहित्याच्या पेपरात गाइड पाठ करणं

व्याकरण येतं तरी कथा कळत नाही, याचं एक साधं कारण म्हणजे 'पासे सँप्ल'. हा भूतकाळ बोलण्यात जवळपास नाही, म्हणून मुलं त्याकडे दुर्लक्ष करतात. मग फ्रेंच लेखक मोपासाँची 1884 मधली 'ला पार्यूर' ही कथा उघडली की क्रियापदंच ओळखू येत नाहीत. ती रूपं लिहायला नाही, निदान ओळखायला शिका. ती ओळखता आली की काम्यूने 1942 च्या 'लेत्राँजे' कादंबरीत मुख्यतः बोलण्यातला भूतकाळ 'पासे काँपोझे' वापरला, याचं महत्त्वही आपोआप कळतं. उताऱ्याच्या उत्तरात लेखकाचं जन्मगाव आणि कथेचा सारांश लिहून गुण मिळत नाहीत. हा काळ, हा शब्द, वाक्याची ही लांबी इथे का, हे विचारा आणि त्यावर लिहा.

संस्कृती म्हणजे पॅरिस, एवढंच धरणं

आयफेल टॉवर, चीज आणि फॅशन यांवर प्रोजेक्ट खूप होतात. फ्रेंच मात्र सेनेगलमध्ये आहे, कॅनडातल्या क्यूबेकमध्ये आहे, आणि आपल्या अगदी जवळची म्हणजे मॉरिशसमध्ये आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही राहतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मजूर म्हणून मॉरिशसला नेलेल्या भारतीयांवर नाताशा आपाना यांनी 2003 मध्ये 'ले रोशे द पूद्र दॉर' ही कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिली. गोव्यातल्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक नाव: फ्रांस्वा पिरार. हा फ्रेंच प्रवासी 1608 ते 1610 गोव्यात होता आणि त्याचं प्रवासवर्णन 1611 मध्ये छापलं गेलं. जुनं फ्रेंच अवघड जाईल, तेव्हा आधुनिक वर्णलेखनातले उतारे घ्या, सरांची मदत घ्या, आणि पुढचा प्रोजेक्ट त्यावर करा.