मोफत अ‍ॅपवरून पोर्तुगीज शिकताय? या चुका टाळा

पहिली चूक पहिला धडा उघडण्याआधीच होते. आपल्याला कुठलं पोर्तुगीज हवंय, हे आपण ठरवतच नाही. ड्युओलिंगो या मोफत अ‍ॅपवर पोर्तुगीज म्हणून जे शिकवतात ते ब्राझीलचं. त्यात गैर काही नाही. ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींच्या वर आहे आणि पोर्तुगालची जेमतेम एक कोटी. पण गोव्यात आजी-आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला निघालेली कितीतरी घरं आहेत. त्यांनी हे आधी समजून घ्यायला हवं. ब्राझीलमध्ये बस म्हणजे 'ओनिबुस', पोर्तुगालात 'आउतोकारु'. ट्रेन इकडे 'त्रेंय', तिकडे 'कोंबोयु'. अ‍ॅपने बाथरूमसाठी 'बान्येरु' शिकवलेलं असतं, पण पोर्तुगालच्या समुद्रकिनाऱ्यावर 'बान्येरु' म्हणजे जीवरक्षकही होतो. तिथे 'काझा द बान्यु' कुठे आहे असं विचारावं.

म्हणून अ‍ॅप सोडायची गरज नाही. व्याकरणाचा सांगाडा दोन्हीकडे जवळपास एकच आहे. पण पोर्तुगालला जायचं असेल तर रोज पंधरा मिनिटं आर.टी.पी. या तिथल्या सरकारी वाहिनीचा रेडिओ इंटरनेटवर ऐका. तो फुकट आहे. तिकडचे लोक स्वर गिळून बोलतात, आणि 'सिप्ल' या पोर्तुगीज भाषेच्या प्राथमिक (ए-२) पातळीच्या परीक्षेत ऐकण्याचा भाग असतोच. नुसतं अ‍ॅप ऐकलेल्या माणसाला तिथे शब्द ओळखीचे असूनही वाक्य कळत नाही.

दुसरी चूक: अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतं म्हणून आपणही इंग्रजीतूनच विचार करतो. मराठी बाजूला ठेवू नका, ती इथे फार उपयोगी पडते. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि बाई 'ओब्रिगादा'. समोर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. 'मी निघतो', 'मी निघते' असं आपण रोज बोलतो, त्यातलंच हे. तसंच 'मी' न म्हणता नुसतं 'जातो' म्हटलं तरी आपल्याला कळतं. पोर्तुगीजमध्येही नुसतं 'फालु' म्हटलं की 'मी बोलतो' झालं. नामाचं लिंग मात्र मराठीवरून ओळखू नका. दिवस पुल्लिंगी आणि रात्र स्त्रीलिंगी हे दोन्ही भाषांत जुळतं, पण 'हात' तिथे स्त्रीलिंगी आहे. नाम पाठ करताना त्याच्या आधी येणारं 'उ' (पुल्लिंगी) किंवा 'आ' (स्त्रीलिंगी) हे उपपद धरूनच पाठ करा.

मराठी जिथे खरोखर कमी पडते ती जागा म्हणजे 'आहे'. पोर्तुगीजमध्ये त्याला 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत. कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार', असा सोपा नियम बऱ्याच ठिकाणी सांगतात. तो नियम पाठ करू नका. मेलेल्या माणसाबद्दल बोलतानाही 'एस्तार'च लागतं, आणि मरणाइतकं कायमचं दुसरं काय असणार? एखादी गोष्ट मुळात काय आहे ते सांगायचं असेल तर 'सेर', ती कुठल्या अवस्थेत आहे ते सांगायचं असेल तर 'एस्तार', एवढं धरलं तर पुष्कळ वाक्यं सुटतात.

आता उच्चार. इथे अ‍ॅप फार उदार असतं; फोनसमोर कसंही बोललात तरी हिरवी खूण मिळते, त्यावर विसंबू नका. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडूनच आला, पण येताना त्याचा नाकातला स्वर गळला. मूळ उच्चार 'पाँउ'च्या जवळचा, तोंडाइतकीच हवा नाकातून सोडून. नाक विसरून 'पाउ' म्हणालात तर त्याचा अर्थ काठी होतो, आणि ब्राझीलमध्ये तो शब्द अश्लीलही आहे. बेकरीत जाण्याआधी घरी आरशासमोर वीसदा म्हणून पाहा. कोकणी बोलणाऱ्यांना हे लवकर जमतं, कारण त्यांच्या भाषेत नाकातले स्वर अजून जिवंत आहेत.

'अवॉ' म्हणजे आजी आणि 'अवो' म्हणजे आजोबा. इंग्रजीतून हा फरक कळायला जड जातो, आपल्याकडे 'ऑ' आणि 'ओ' ही वेगळी अक्षरंच आहेत. म्हणून सुरुवातीला वहीत उच्चार देवनागरीत लिहायला मी सगळ्यांना सांगते. ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'र' बहुतेक ठिकाणी 'ह'सारखा येतो: रोनाल्डो तिथे 'होनाउदु' असतो. 'शुभ सकाळ' ब्राझीलमध्ये बहुतेकांच्या तोंडी 'बों जिया', पोर्तुगालात 'बों दिया'. कानाने ऐका, लिहा, पुन्हा ऐका.

अडचण आली तर आधी फोनची सेटिंग्ज बघा. बोलण्याचे सराव येतच नसतील तर अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी दिली आहे का ते तपासा. कीबोर्डमध्ये पोर्तुगीज भाषा जोडून घ्या, नाहीतर अक्षरांवरच्या खुणा टाकायचा कंटाळा येतो. अ‍ॅप त्या खुणा बऱ्याचदा माफ करतं, पण खूण नसलेला 'ए' म्हणजे 'आणि', खूण असलेला 'ए' म्हणजे 'आहे'.

शेवटची चूक सर्वांत जास्त वेळ खाते: तयार शब्दांच्या चौकटी दाबून वाक्य जुळवणं. समोर सहा शब्द दिसत असताना वाक्य जुळतंच; हॉटेलात वेटर समोर उभा असताना त्या चौकटी नसतात. टाइप करण्याचा पर्याय दिसेल तिथे तोच निवडा. नसेल तर चौकटी हाताने झाका, वाक्य आधी मोठ्याने म्हणा आणि मगच हात काढा.