कोकणात हाय-आयक्यूवाल्यांचा कट्टा कसा भरवायचा आणि टिकवायचा कसा

मेन्साचं नाव काढलं की लोकांना वाटतं दहा चष्मेवाले एका खोलीत गप्प बसून गणितं सोडवत असणार. प्रत्यक्षात तिथं सगळ्यात जास्त काय होत असेल तर बडबड. १९४६ साली ऑक्सफर्डला रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर या दोघांनी ही संस्था काढली, आत यायची अट एकच, की मान्यता असलेल्या बुद्धिमत्ता चाचणीत वरच्या २ टक्क्यांत यायचं, बाकी शिक्षण नोकरी जात पैसा कोणी विचारत नाही. वरचे २ टक्के म्हणजे पन्नासात एक, म्हणजे गणपतीत खच्चून भरलेल्या एसटीत एखाददुसरा असणारच, फक्त त्याला स्वतःला माहीत नसतं आणि शेजारच्याला तर नाहीच नाही.

पुण्या-मुंबईत कट्टा भरवणं सोपं आहे, एक कॅफे गाठला मेसेज टाकला झालं. आपल्याकडे एक मेंबर चिपळूणला, एक देवरुखला, दोघं कुडाळात, एक दोडामार्गच्या पुढं जिथं रेंजच नाही. त्यामुळे इथं कट्टा चालवणं हे निम्मं एसटी आणि रेल्वेच्या टायमिंगचं काम आहे आणि निम्मं माणसं सांभाळायचं. कोडी बिडी नंतर.

आधी दिवस आणि जागा

दिवस एकदाच ठरवायचा आणि मग हलवायचा नाही. महिन्याचा दुसरा रविवार तर दुसरा रविवार. दर वेळी ग्रुपवर "कधी जमेल सगळ्यांना" असा पोल टाकलात की मेलात, तीन दिवस चर्चा चालते आणि शेवटी जो दिवस निघतो त्या दिवशी पोल टाकणारालाच जमत नाही. वेळ दुपारी चार ते सात, कारण आडगावाला जाणारी शेवटची गाडी चुकली की माणूस पुढच्या वेळी येत नाही, आणि घरचे त्याला येऊ देत नाहीत ते वेगळंच.

काही महिने मात्र सरळ सोडून द्यायचे. गणपतीत कोणी येणार नाही, शिमग्यात पालखी दारात असताना तर विचारूच नका. लावणीच्या दिवसांत ज्यांची शेती आहे ते येणार नाहीत आणि एप्रिल-मेमध्ये बागायतदार मेंबर फोनसुद्धा उचलत नाही, आंब्याच्या पेट्या भरत असतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा ते बघूनच लांबच्या लोकांना बोलवा. आणि रत्नागिरी स्टेशन गावात नाही हे नव्या माणसाला आधीच सांगा, नाहीतर तो कुवारबावला उतरून "मी पोचलो" म्हणतो आणि आपण इकडे वाट बघतोय.

जागेचं म्हणाल तर समुद्रकाठचं हॉटेल टाळा. फोटो छान येतात हे खरं, पण सीझनला पर्यटकांचा गोंगाट असतो, वेटर दर दहा मिनिटांनी येऊन ऑर्डर विचारतो आणि वाऱ्यानं पत्ते उडतात. वाचनालयाचा हॉल मिळाला तर सोनं. कोकणात वाचनालयं जुनी आहेत, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ सालचं, आणि गावोगावची वाचनालयं चालवणारी मंडळी अशा गोष्टींना आपण होऊन जागा देतात, फक्त नीट भेटून विचारायचं आणि जाताना खुर्च्या जागेवर लावायच्या. हॉल नसेल तर कोणाच्या तरी घरची पडवी. लाइट जाणार हे धरूनच चालायचं, एक चार्जिंगचा दिवा पिशवीत ठेवा.

लोकं आली की काय करायचं

पहिला नियम, स्कोअर विचारायचा नाही आणि सांगायचाही नाही. प्रत्येक मेंबर त्या २ टक्क्यांत आहे, तिथं तो विषय संपला. दुसरं, नवरा बायको पोरं मित्र सगळ्यांना येऊ द्या. टेस्ट न दिलेली वहिनीच बऱ्याचदा सगळ्यात भारी प्रश्न विचारते आणि तिला बाहेर बसवलंत तर पुढच्या वेळी मेंबरही येणार नाही.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत मेन्साच्या मोठ्या गॅदरिंगना लोक छातीवर रंगीत ठिपके लावून फिरतात, हिरवा म्हणजे खुशाल मिठी मारा, पिवळा म्हणजे आधी विचारा, लाल म्हणजे नको. आपल्याकडे मिठीबिठीचं काही नाही, पण यात मुद्दा आहे, कारण अशा ग्रुपमध्ये एक दोन जण असे असतातच की ज्यांना यायचं असतं पण बोलायचं नसतं. तर टिकल्यांचं पाकीट आणा. हिरवी टिकली म्हणजे या गप्पा मारा, लाल म्हणजे मी ऐकतोय मला ओढू नका. कॉलरला लावा. पहिल्यांदा सगळे हसतात, पण एखादा लाल टिकलीवाला सहा महिन्यांनी गुपचूप हिरवी लावून येतो तेव्हा कळतं हे कशासाठी ते.

सुरुवातीला बर्फ फोडायला, म्हणजे लोक नुसते मोबाइल बघत बसू नयेत म्हणून, कापरेकरांचा खेळ घ्या. द. रा. कापरेकर आपल्याच किनाऱ्यावरचे, १९०५ साली डहाणूला जन्मले, नंतर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते आणि तिथं बसून त्यांनी जगाला ६१७४ हा आकडा दिला. प्रत्येकाला चार आकडी संख्या घ्यायला सांगा, चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा, वजा करा, जे येईल त्याचं परत तेच. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि इथून पुढं कितीही वेळा करा, तिथंच राहतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या तिथं पोचते. एक गंमत आहे, २१११ घेणाराला पहिल्याच फटक्यात ९९९ येतं आणि तो म्हणतो माझं अडलं. तिथं पुढं शून्य धरायचं, ०९९९, मग ९९९० वजा ०९९९, आणि गाडी परत रुळावर. दहा जण दहा संख्या घेऊन बसतात आणि एकेक जण "अरे माझं पण!" म्हणून ओरडतो, तोवर ओळख झालेली असते. ज्याला आधीच माहितीये त्यानं तोंड मिटून चहा गाळायला जायचं, हा नियम आधीच सांगून ठेवा.

क्विझ मात्र जपून. क्विझमध्ये दोघंच उत्तरं देतात आणि बाकीचे बघत बसतात. त्यापेक्षा सगळ्यांना सारखाच नवीन असलेला खेळ आणा, आणि त्यासाठी लांब जायची गरजच नाही, सावंतवाडीची गंजिफा आहे. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफेत १० रंग, एकेका अवताराचा एक, आणि प्रत्येकात १२ पाने म्हणजे राजा प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पानं. हुकूम हा प्रकार नाही. डोक्याला ताप असा की राजा-प्रधानाखालच्या पानांत अर्ध्या रंगांत दस्सा वरचढ आणि उरलेल्या अर्ध्यांत उलटं, एक्का वरचढ, त्यामुळे कुठलं पान अजून बाहेर आलं नाही हे लक्षात ठेवताना भल्याभल्यांचा घाम निघतो. दिवसा खेळायला बसलात तर रामाच्या रंगापासून सुरुवात आणि रात्री कृष्णाच्या. आणि हा खेळ मुळात तिघांचा, म्हणजे कट्ट्याला तीनच टाळकी आली तरी रविवार वाया जात नाही. खरा हातानं रंगवलेला सेट महाग असतो, तो कौतुकानं बघायला ठेवा, खेळायला पुठ्ठ्याचे कापून घ्या, भजीचे हात लागले तरी काळीज हलत नाही.

वर्षातून एकदा सहल हवी, आणि माझं मत विचाराल तर कातळशिल्पांना तोड नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ माळांवर, जांभ्या दगडात कोरलेली ही चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीला एक भलामोठा हत्ती आहे, सुमारे १८ मीटरचा, आणि त्या हत्तीच्या अंगात दुसरे प्राणी कोरलेत, लोकांना नुसतं उभं करा आणि म्हणा मोजा, दोन माणसांचा आकडा एक येत नाही. देवाचे गोठणेला होकायंत्र घेऊन जा. तिथं चित्राजवळ सुई भरकटते, दिशा चुकीची दाखवते, आणि मग का यावर जो वाद सुरू होतो तो परतीच्या गाडीत उतरेपर्यंत थांबत नाही. दगडातलं लोह म्हणणारे एका बाजूला, "त्या लोकांना हे माहीत होतं म्हणून तिथंच कोरलं" म्हणणारे दुसऱ्या बाजूला. उक्षीला तर जवळच कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. पण पावसानंतर गवत वाळेपर्यंत थांबा, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा म्हणजे रेघांत सावली पडून चित्र उठून दिसतं, पाणी भरपूर घ्या कारण सड्यावर झाड नसतं, आणि चित्रावर पाय ठेवायचा नाही, खडूनं रेघा ओढायच्या नाहीत, कितीही फोटो चांगला येत असला तरी.

वादाचं निघालंच आहे तर. मेन्सा संस्था म्हणून कुठल्याच प्रश्नावर मत देत नाही, मेंबरांना मात्र मतं असतात आणि खंडीभर असतात. रिफायनरी, हायवे, मच्छीमारांची एलईडी लाइटची भांडणं, यातलं काही निघालं की सात वाजतात आणि गंजिफा तशीच पडून. बंदी घालू नका, बंदी घातली की तेच बोलतात. शेवटचा अर्धा तास गजालीला, म्हणजे गप्पांना ठेवा, त्यात काय ते भांडा, आणि कट्ट्याच्या नावानं कोणी पेपरला पत्र पाठवणार नाही एवढं पक्कं करून टाका.

खाण्याचं थोडक्यात. टीटीएमएम सगळ्यात बरं. यजमानावर स्वैपाक टाकू नका, नाहीतर पडवी देणारी काकू दुसऱ्यांदा देणार नाही. चहा, कांदाभजी, उन्हाळ्यात कोकम सरबत, एवढ्यावर भागतं. जेवण असेल तर श्रावण आणि संकष्टी बघून घ्या.

मुलांचं जरा जपून

आई-वडील पोराला घेऊन येतात आणि दारातच म्हणतात, आमच्या चिंटूला तेवीसचा पाढा उलटा म्हणायला सांगा. सांगू नका. पोराला गंजिफेला बसवा, हरू द्या, त्याला पहिल्यांदाच आपल्याला हरवणारं कोणी भेटत असतं. टेस्टबद्दल विचारलं तर एवढंच सांगा की मोबाइलवरच्या फुकट टेस्टचा आकडा कुठं चालत नाही, परीक्षक समोर असलेलीच टेस्ट लागते. आणि पोर लाल टिकली मागत असेल तर द्या.

बातमीपत्र

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी महिन्याला एक पान काढायचं. व्हॉट्सॅप ग्रुप असतोच, पण तिथं गुड मॉर्निंगखाली सगळं गाडलं जातं, म्हणून निदान एक ग्रुप फक्त निरोपांसाठी ठेवा जिथं अॅडमिनशिवाय कोणी लिहू शकत नाही. पान एकच, दोन नाही. सगळ्यात वर पुढचा कट्टा, आणि तो असा लिहायचा की माणसाला परत फोन करावा लागू नये:

"रविवार, दुपारी ४. वाचनालय, वरचा मजला, चपला खाली. एसटी स्टँडवरून चालत दहा मिनिटं. खेळ: गंजिफा, शिकवणार. वाटी-चमचा आपापला आणा, उसळ आहे. देवरुखकडे परत जाणाऱ्यांना गाडीत दोन जागा, आधी सांगा."

खाली मागच्या कट्ट्याला काय झालं ते चार ओळीत, कोण जिंकलं, कोण कशावरून भांडलं. हे भांडण जरा तिखटमीठ लावून लिहा, लांबचे लोक तेच वाचतात. मग घरच्या बातम्या, कोणाकडे बाळ आलं, कोणाची बदली, कोणाची पुस्तकं द्यायची आहेत. शेवटी एक कोडं, उत्तर पुढच्या महिन्यात. उत्तर त्याच पानावर उलटं छापू नका, सगळे आधी तेच वाचतात. पुण्याहून किंवा परदेशातून कोणी मेंबर फिरायला येत असेल तर तेही टाका, कट्ट्यावर त्याला जरूर बोलवा, फक्त त्याला चार दिवस फुकट गाइड आणि गाडी देणं हे काम कोणा एकाच्या गळ्यात पडू देऊ नका.

फोन नंबर, पत्ते, मुलांची नावं आणि कोणाचाही स्कोअर पानावर नको. फोटो टाकायच्या आधी विचारा, आमच्याकडे काही जणांच्या ऑफिसात माहीतच नाही की ते मेंबर आहेत आणि त्यांना तसंच बरं वाटतं.

आणि हे सगळं एकाच माणसानं करायचं नाही. बातमीपत्र एकाकडे, जागा दुसऱ्याकडे, पैशाची वही तिसऱ्याकडे, आणि दर गुढीपाडव्याला अदलाबदल. वही देताना उरलेले पैसे समोर मोजून द्या, हॉलची चावी कोणाकडून घ्यायची ते लिहून द्या, आणि टिकल्यांचं पाकीट संपलं असेल तर नवीन आणून मगच द्या.