सर्व्हर घेण्याआधी नदीवर जाऊन या

वैज्ञानिक संगणनाची, म्हणजे विज्ञानातले प्रश्न संगणकावर सोडवण्याची, प्रयोगशाळा उभी करून तिला उत्कृष्टता केंद्रापर्यंत कसं न्यायचं, हे विचारायला आसपासच्या कॉलेजांतून मला फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, कुठला सर्व्हर घेऊ?" मी विचारते, "त्याच्यावर चालवणार काय?" यावर बहुतेकांकडे उत्तर नसतं. मी सोलापुरात गणित शिकवते आणि गेली बारा वर्षं आमची लॅब सांभाळते. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी प्रश्न निवडा, आणि तो आपल्या मातीतला असू द्या. आम्ही भीमा घेतली. उजनीतून पाणी सोडलं की पंढरपूरच्या घाटावर ते किती तासांनी पोचेल, किती चढेल? वाटेत नीरा नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, म्हणजे वीर धरणातून सुटलेलं पाणीही हिशोबात धरावं लागतं. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात केवढी माणसं असतात ते आठवा. या प्रश्नाचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. आणि त्याच्या पोटात सगळंच येतं: प्रवाहाची समीकरणं, खराब नोंदी साफ करणं, समांतर प्रोग्रॅमिंग (एकच काम अनेक प्रोसेसरवर वाटून चालवणं), आलेखन. दहा जणांनी दहा सुटे प्रकल्प केले तर दहा अहवाल होतात, पण लॅबमध्ये काही साठत नाही. एकच प्रश्न पाच-सात वर्षं धरला की आधीच्या बॅचचं काम पुढच्या बॅचच्या उपयोगी पडतं. सुरुवातीलाच मुलांना नदीवर घेऊन जा. पात्र कुठे रुंद होतं, बंधारा कुठे आहे, हे डोळ्यांनी पाहिलेला मुलगा चुकीचा आकडा लगेच ओळखतो.

यंत्रांचं थोडक्यात सांगते. चार बरे संगणक, लिनक्स, कामांची रांग लावायला स्लर्म हे सॉफ्टवेअर, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला गिट. पहिली दोन वर्षं एवढ्यावर निघतात. मोठ्या यंत्राची घाई करू नका. कोडच्या चालण्याच्या वेळेतला ५ टक्के भाग जरी एकामागून एकच चालणारा असला, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग २० पटींच्या वर जात नाही. आधी तो ५ टक्के शोधा.

पण वीज आणि थंडावा यांवर हात आखडता घेऊ नका. आमच्या एका विद्यार्थिनीचा रन, म्हणजे संगणकावर लावलेली गणना, नऊ दिवस चालला होता. मे महिना, बाहेर ४२ अंश. दुपारी लाइट गेली. यूपीएसने सर्व्हर धरून ठेवले, पण एसी यूपीएसवर नव्हता. बंद खोली भराभर तापली आणि यंत्रं स्वतःला वाचवायला बंद पडली. नऊ दिवसांचं काम गेलं. ती काहीच बोलली नाही, वही मिटून बसून राहिली. तो चेहरा मी विसरलेले नाही, कारण व्यवस्था लावणं माझं काम होतं. तेव्हापासून आमच्याकडे दर तासाला रनची स्थिती डिस्कवर उतरवल्याशिवाय कुणाचाही जॉब रांगेत लागत नाही. यूपीएसचा वेळ काम पुढे रेटायला नसतो, सुखरूप बंद करायला असतो. आणि हिशोब साधा आहे: ७०० वॅटचे चार सर्व्हर म्हणजे २.८ किलोवॅट, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता काढतो, पण आपल्याकडच्या उन्हात, पश्चिमेच्या भिंतीला, तेवढ्यावर विसंबू नका. दीड टनाचे दोन घ्या, आलटून पालटून चालवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: उत्तर बरोबर आहे हे कशावरून? नव्या मुलांना मी आधी पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात नेते. जकार्ड मागावर वर कार्डांची माळ फिरत असते. कार्डात भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. तिथल्या कारागिरांनी एकदा एक कार्ड उजेडासमोर धरून दाखवलं आणि म्हणाले, "एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक येणार बघा." कोडचंही असंच. ते दर वेळी तीच चूक निमूटपणे करतं, आणि आलेख मात्र देखणा येतो.

म्हणून भीमेला हात लावण्याआधी उत्तर माहीत असलेला प्रश्न सोडवून घ्या. धरण एकदम फुटलं तर कोरड्या पात्रात पाणी कसं पसरेल, याचं कागदावरचं उत्तर रिटर यांनी १८९२ मध्येच दिलं आहे. त्याच्याशी कोड जुळलं पाहिजे. मग पाण्याचा ताळेबंद पाहा: आलं किती, गेलं किती, पात्रात उरलं किती. कालपावलाकडेही, म्हणजे गणना एका वेळी किती सेकंद पुढे सरकते त्याकडेही, लक्ष द्या. चार मीटर खोल पाणी सेकंदाला दोन मीटरने वाहत असेल तर लाट सेकंदाला सुमारे ८.३ मीटर वेगाने पुढे जाते. गणनेसाठी नदीचे पाडलेले तुकडे ५०० मीटरचे असतील, तर साध्या पद्धतीत एका मिनिटापेक्षा मोठं पाऊल टाकलं की उत्तर फाटतं, आकडे भलतेच येतात.

निधीचा प्रस्ताव लिहाल तेव्हा यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाचा पगार आणि देखभालीचा खर्च पहिल्या पानापासून मांडा. निधी देणारा विभाग नेमका हाच आकडा कापतो. यंत्र एकदा घेतलं की आलं, माणूस मात्र दर महिन्याला लागतो, आणि तो गेला की पासवर्डांपासून सगळं अडतं. आमचं एक वर्ष असंच वाया गेलं. शिकवण्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल वापरा. लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात मोकळी होतात.

उत्कृष्टता केंद्राची पाटी मागायला जाण्याआधी एक परीक्षा घ्या. दर जूनमध्ये नव्या मुलांना मी मागच्या बॅचचा एक निकाल देते आणि सांगते, कुणालाही न विचारता, फक्त लिहून ठेवलेलं वाचून हा पुन्हा काढ. जुळला की लॅबच्या वहीत सही. यंदा चौघांपैकी तिघांच्या सह्या झाल्या आहेत. चौथ्याचा पूर पंढरपूरला एक तास आधी पोचतो आहे. तो म्हणतो, चूक मागच्या बॅचची आहे, नीरेच्या विसर्गाची वेळ त्यांनी तक्त्यातून चुकीच्या रकान्यात उतरवली. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी जुना तक्ता काढून ठेवला आहे, सोमवारी ओळ न् ओळ तपासणार आहोत.