एक्स्ट्रॅक्टवरून ऑल-ग्रेनकडे वळताना

माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, तयार पाक किंवा पूड) सोडून थेट धान्यापासून बिअर करायची म्हणून लगेच महागडी भांडी घेऊ नका. मोठं पातेलं, जाळीदार कापडी पिशवी आणि भरवशाचा थर्मामीटर पुरतो. खरी मेख तापमानात आहे. भरडलेलं माल्ट पडताच पाणी पाच-सहा अंशांनी उतरतं. म्हणून मॅश (माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण) ६६ अंश सेल्सिअसला हवा असेल, तर माल्टच्या किलोमागे ३ लिटर पाणी सुमारे ७२ अंशांपर्यंत तापवा. नीट ढवळा, गुठळ्या मोडा, मगच पुन्हा मोजा (वरवरच्या आकड्यावर विश्वास नको) आणि झाकून तासभर ठेवा. ६४च्या आसपास बिअर कोरडी (कमी गोड) होते, ६९ला अंगाने भरीव. एखाद्या अंशाने काही बिघडत नाही. ७५च्या वर मात्र एन्झाइम (स्टार्चची साखर करणारे माल्टमधले घटक) झपाट्याने निकामी होतात, तेव्हा थोडं गार पाणी हाताशी असू द्या.