पक्षी व सरीसृपांची गुणसूत्रे : एकदिवसीय कार्यशाळेची पूर्वतयारी

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात ही कार्यशाळा घ्यायची असेल, तर साहित्याची जमवाजमव करण्याआधी विद्यार्थ्यांनी नेमके काय पाहावे हे ठरवून घ्यावे. कोंबडीच्या पेशीतील ७८ गुणसूत्रांपैकी मोजकीच मोठी असतात आणि उरलेली, म्हणजे सूक्ष्म गुणसूत्रे, सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांसारखी दिसतात. पूर्वी हे ठिपके मोजण्याचाही कंटाळा केला जाई, पण पक्षी व सरीसृपांच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनए-संचाचा, इतिहास उलगडण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. दिवसाची आखणी त्यांच्याभोवतीच करावी.

पहिली निकड फलित अंड्यांची. किराणा दुकानातील पांढरी अंडी या कामाला निरुपयोगी आहेत, कारण त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो. म्हणून उबवणी केंद्रातून किंवा कोंबडा पाळणाऱ्या शेतकऱ्याकडून गावरान अंडी आणावीत आणि ती उबवणयंत्रात ठेवेपर्यंत १५ ते १८ अंश तापमानात जपावीत. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या साध्या खोलीत ठेवलेल्या अंड्यांत गर्भाची वाढ अर्धवट सुरू होते आणि मग सारे वेळापत्रक चुकते. शक्य असल्यास कार्यशाळा डिसेंबर-जानेवारीत घ्यावी हे उत्तम. उबवणयंत्र ३७.५ अंशांवर स्थिर राहते की नाही हे आदल्या आठवड्यात तपासावे व वीज गेल्यास पर्यायी सोय असावी. गर्भ चौथ्या-पाचव्या दिवशी वापरायचा असल्याने अंडी कोणत्या दिवशी यंत्रात ठेवायची, हे कार्यशाळेच्या तारखेपासून उलटे मोजून ठरवावे. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची लेखी संमती मात्र त्याहून बरीच आधी मागावी लागते.

रसायनांमध्ये कोल्चिसिन, ०.५६ टक्के पोटॅशियम क्लोराइड, मिथेनॉल, ग्लेशियल असेटिक आम्ल आणि गिम्सा रंजक एवढे पुरते. कोल्चिसिन पेशीविभाजन मध्यावस्थेत थोपवते, पोटॅशियम क्लोराइडच्या विरल द्रावणात पेशी फुगतात आणि तीन भाग मिथेनॉल व एक भाग असेटिक आम्लाच्या मिश्रणात त्या स्थिर होतात. हे मिश्रण त्याच दिवशी बनवून बर्फावर ठेवावे. कोल्चिसिन विषारी असल्यामुळे हातमोज्यांशिवाय कोणालाही बाटलीला हात लावू देऊ नये. गिम्सासाठी ६.८ सामूचे बफर ऊर्ध्वपातित पाण्यातच करावे, कारण जड पाण्याने रंग डागाळतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येते हे पाहून ऊर्ध्वपातनाचे काम आधीच उरकलेले बरे, हे सोलापूरकरांस वेगळे सांगायला नको. इथल्या कोरड्या हवेत स्लाइड फार लवकर वाळते व गुणसूत्रे पसरण्याऐवजी एकमेकांना चिकटून राहतात, म्हणून थेंब टाकण्यापूर्वी काच थंड व किंचित दमट असावी.

सूक्ष्मदर्शकाला शंभर पटीचे तैलभिंग हवे. तरीही विद्यार्थ्यांना अठ्ठ्याहत्तर हा आकडा स्वतः मोजून मिळेल अशी आशा दाखवू नये, कारण सर्वांत लहान ठिपके प्रकाशसूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेशीच येतात. मोठ्या जोड्या आणि झेड हे लिंग गुणसूत्र ओळखता आले तरी पुष्कळ झाले. चांगल्या मध्यावस्थांची छायाचित्रे आधीच मोठ्या आकारात छापून घ्यावीत, म्हणजे ज्यांची स्लाइड बिघडेल त्यांनाही कात्रीने गुणसूत्रे कापून जोड्या लावता येतील.

यानंतर फळ्यावर लिहायचे आकडे निवडावेत. बहुतेक पक्ष्यांत गुणसूत्रे ८०च्या आसपास असतात, बहुतेक सापांत ३६, आपल्या कुंपणावरच्या सरड्यात ३४, अमेरिकी अ‍ॅलिगेटरमध्ये ३२. माळरानाच्या मुलांना अपवाद अधिक आवडतील : सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवतात दिसणाऱ्या करवानक पक्ष्याच्या युरोपीय भाऊबंदाची गुणसूत्रे ४२ आहेत, बहिरी ससाण्याची ५०, तर कोणत्याही बागेत किडे टिपत फिरणाऱ्या हुदहुदाची १२६. उडणे, खाणे वा राहणे पाहून यातला कोणताही आकडा सांगता येत नाही. ससाण्यात अनेक सूक्ष्म गुणसूत्रे मोठ्यांना जोडली गेली, म्हणून संख्या घटली. जनुके मात्र बहुतांशी तीच राहिली. गुणसूत्रांची संख्या म्हणजे प्रगतीचे मोजमाप, हा समज येथेच मोडून काढावा. कुंड्यांखाली सापडणारा वाळा साप हे वेगळेच प्रकरण आहे : त्याची ४२ गुणसूत्रे मिळून तीन संच होतात, जातीत नर नाहीत आणि मादी नराविना पिले देते.

सूक्ष्म गुणसूत्रांच्या सत्रासाठी किमान दीड तास राखून ठेवावा. कोंबडीच्या जीनोमचा साधारण चतुर्थांश भाग या ठिपक्यांत असला, तरी जवळजवळ निम्मी जनुके त्यांच्यात दाटीने बसलेली आहेत. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे युग्मके (बीजपेशी) बनताना, प्रत्येक जोडीत किमान एकदा पारगती (तुकड्यांची अदलाबदल) व्हावी लागते, त्यामुळे गुणसूत्र जितके आखूड तितके त्याच्या दर लाख बेस-जोड्यांमागे (डीएनएच्या लांबीचे एकक) अशी अदलाबदल, म्हणजे पुनःसंयोजन, अधिक. विद्यार्थ्यांकडून एक गणितही करून घ्यावे. पारगती बाजूला ठेवली, तरी माणसाच्या २३ जोड्यांपासून युग्मकांच्या सुमारे ८४ लाख जुळण्या होतात आणि कोंबडीच्या ३९ जोड्यांपासून सुमारे ५५ हजार कोटी. पहिला आकडा ऐकून कोणीतरी चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण काढेलच. तो योगायोग आहे असे हसून सांगावे आणि पुढे जावे.

हे ठिपके मोठ्या गुणसूत्रांचे तुकडे पडून झाले असावेत, अशी कल्पना काही काळ मांडली जात होती. पॉल वॉटर्स, जेनी ग्रेव्ह्ज या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये पक्षी, साप, सरडे व कासवे यांच्या गुणसूत्रांची तुलना करून दाखवले की सूक्ष्म गुणसूत्रे या गटांत मोठ्या प्रमाणात समान आहेत आणि त्यांतली अनेक थेट अँफिऑक्सस या माशासारख्या, कणा नसलेल्या लहान सागरी प्राण्याच्या गुणसूत्रांशी जुळतात. अँफिऑक्ससची शाखा पृष्ठवंशीयांपासून ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली असल्याने ठिपके हेच जुने ठरतात. मगरींमध्ये ते मोठ्या गुणसूत्रांत विलीन झाले आणि सस्तन प्राण्यांतही तेच घडले. म्हणजे आपला नीटनेटका दिसणारा कॅरियोटाइप (गुणसूत्रांचा मांडलेला संच) हाच नंतरच्या उलथापालथीचा परिणाम आहे. या सत्रासाठी कोंबडी, साप, मगर आणि माणूस यांचे समान भाग एकाच रंगाने दाखवणारा तक्ता हाताने काढून घ्यावा. पडद्यावरच्या तयार चित्रात रंग इतके असतात की विद्यार्थी रंगच पाहत बसतात.

लिंगनिश्चितीच्या टिपणात जुन्या पुस्तकांतील दोन विधाने तपासून घेणे आवश्यक आहे. सापांमध्येही पक्ष्यांप्रमाणे मादीत झेड-डब्ल्यू ही लिंग गुणसूत्रांची जोडी असल्याने दोन्ही गटांतील जोड्या एकाच मूळच्या, असे गृहीत धरू नये; पक्ष्यांच्या झेडवरील जनुके सापाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या गुणसूत्रावर सापडतात, झेडवर नव्हे. सर्व सापांत झेड-डब्ल्यू असते हेही खरे नाही. अजगर व बोआ या दोन्ही गटांत एक्स-वाय पद्धत स्वतंत्रपणे निर्माण झाल्याचे २०१७ मध्ये दाखवण्यात आले. पक्ष्यांत झेडवरील डीएमआरटी-१ जनुकाच्या दोन प्रती नरत्वाकडे नेतात, हे थोडक्यात सांगितले तरी चालेल. मगरींना लिंग गुणसूत्रे नसतात आणि अंड्याच्या तापमानावर पिलाचे लिंग ठरते, याचा उल्लेख मात्र वगळू नये. सकाळी उबवणयंत्राचा अंश न् अंश सांभाळलेल्या विद्यार्थ्यांना तो लगेच पोहोचतो.

भारतीय संशोधनाला पुरेसा वेळ द्यावा, नाहीतर सगळे ज्ञान परदेशातूनच आल्यासारखे वाटते. शास्त्रज्ञ लालजी सिंह यांनी पट्टेरी मण्याराच्या मादीच्या डब्ल्यू गुणसूत्राशी निगडित असा, वारंवार पुनरावृत्त होणारा डीएनएचा अंश शोधला. पुढे आपल्या शेजारच्या हैदराबादेत, सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रात, त्याच धाग्यावरून भारतातील डीएनए ठसेतंत्र उभे राहिले. न्यायालयातील पितृत्वाच्या दाव्यांचा संबंध सापाच्या गुणसूत्राशी पोहोचतो, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. नागाचा जीनोम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विषाची १३९ जनुके ओळखली गेली आणि त्यांपैकी १९ केवळ विषग्रंथीतच सक्रिय आढळली. प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तद्रवातून मिळवले जाते, म्हणून या यादीचे व्यावहारिक महत्त्व विद्यार्थ्यांना समजावावे.

जीनोमच्या आकारमानासाठी एक तक्ता पुरे : कोंबडी साधारण १०५ कोटी बेस-जोड्या, नाग १७९ कोटी, माणूस ३१० कोटी आणि न्यूझीलंडचा सरड्यासारखा सरीसृप तुआतारा सुमारे ५०० कोटी. पक्ष्यांचा लहान जीनोम उड्डाणामुळे आला, हे घाईचे उत्तर होय. जीवाश्म हाडांतील पेशींच्या पोकळ्या मोजून (पेशी लहान तसा जीनोमही लहान, या आधारे) २००७ मध्ये काढलेल्या अनुमानानुसार न उडणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांतही जीनोम लहानच होता.

साप, सरडे वा कासवे प्रात्यक्षिकासाठी कोणीही पकडून आणू नयेत, ही सूचना निमंत्रणपत्रातच छापावी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग पकडणे वा बाळगणे हा गुन्हा आहे, आणि सर्पमित्राकडून तासाभरासाठी मागवण्याचा मोहही टाळावा. शेवटी, वापरलेले कोल्चिसिन व मिथेनॉल बेसिनमध्ये न ओतता नाव लिहिलेल्या वेगळ्या काचेच्या बाटल्यांत गोळा करावे आणि गर्भाचे अवशेष जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकावेत. ती पिशवी कोण व केव्हा घेऊन जाणार, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे.