'टॉम डूली' शिकायचंय? सुरुवात १९२९ पासून करा

गिटार थोडी हातात बसली की कुणीतरी सांगतंच, "'टॉम डूली' घे, दोनच कॉर्ड आहेत." खरंय ते. मग बहुतेक जण या अमेरिकन लोकगीताचं किंग्स्टन ट्रिओ या त्रिकुटाने केलेलं १९५८ सालचं रेकॉर्डिंग लावतात, त्याची नक्कल बसवतात आणि पुढच्या गाण्याकडे वळतात. मी हे गाणं शिकवते तेव्हा ते रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी ऐकवते.

आधी घटना नीट माहीत करून घ्या, कारण हे खऱ्या खुनावरचं गाणं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीतून मे १८६६ मध्ये लॉरा फॉस्टर ही तरुणी नाहीशी झाली. उन्हाळा सरता सरता तिचा मृतदेह सापडला. खड्डा इतका आखूड होता की पाय दुमडून तिला पुरलं होतं. संशय गेला अमेरिकेच्या यादवी युद्धातून परतलेल्या टॉम ड्यूलावर. गावाकडच्या बोलीत आडनावाचा उच्चार डूली. त्याची विवाहित प्रेयसी ॲन मेल्टन हिच्यावरही आरोप होता. युद्धकाळात राज्याचे गव्हर्नर असलेल्या झेब्युलन व्हान्स यांनी टॉमचं वकीलपत्र घेतलं. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा तो दोषी ठरला. १ मे १८६८ रोजी स्टेट्सव्हिलमध्ये त्याला फाशी झाली. ॲन सुटली.

आता कान द्या. पहिलं रेकॉर्डिंग ग्रेसन आणि व्हिटर यांचं, व्हिक्टर कंपनीसाठी १९२९ मध्ये मेम्फिसला केलेलं. जी. बी. ग्रेसनला जवळजवळ दिसत नसे. तो फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवतो आणि गातोही, हेन्री व्हिटर गिटारवर साथ करतो. आवाज खरखरीत येईल, पहिल्यांदा शब्दही कळणार नाहीत. तरी लागोपाठ दोन-तीनदा ऐका. गाण्यात ज्या ग्रेसनने टॉमला पकडून दिलं म्हणतात, तो टेनेसीतला शेतकरी जेम्स ग्रेसन, आणि हा गायक त्याच घराण्यातला. गाण्यातला टॉम म्हणतो, ग्रेसन नसता तर मी टेनेसी गाठलं असतं. खरं तर तो सीमेपलीकडे टेनेसीत पोचलाच होता, खोट्या नावाने त्याच ग्रेसनकडे शेतावर राबला होता आणि पकडला गेला तोही तिथेच.

मग फ्रँक प्रॉफिट. हा डोंगरातला शेतकरी, स्वतःच्या हाताने फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, नसलेले बँजो बनवणारा. १९३८ मध्ये त्याने हे गाणं लोकगीतं गोळा करणाऱ्या फ्रँक वॉर्नरना ऐकवलं, आणि तिथूनच ते पुढे किंग्स्टन ट्रिओपर्यंत पोचलं. त्याचं १९६२ सालचं रेकॉर्डिंग लावा. आवाज कुठेही चढत नाही, कुठेही रडवेला होत नाही. शेजारच्या गावात काय झालं ते सांगावं तसं तो गातो. माझ्या मते हे गाणं गायचं कसं, ते इथेच कळतं.

गायक-गिटारवादक डॉक वॉटसनच्या १९६४ च्या अल्बममधली चाल जलद आणि वेगळीच आहे. त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे या माणसांच्या आठवणी होत्या. त्याचं ऐकताना गिटार सोडून फक्त कडव्यांकडे लक्ष द्या. चार फूट लांब, तीन फूट खोल खड्डा, हे त्यात येतं. लॉराचे दुमडलेले पाय माहीत असले की ही मापं ऐकवत नाहीत.

किंग्स्टन ट्रिओ आता ऐका. तिघांच्या आवाजांची बांधणी सुंदर आहे, ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते उगाच नाही. पण सुरुवातीच्या निवेदनातला प्रेमत्रिकोणातला 'मिस्टर ग्रेसन' तेवढा विसरा.

बसवायला हीच चाल घ्या. कॉर्ड जी आणि डी सेव्हन. जीला सा धरला तर पहिली ओळ मंद्रातून निघते: प प प ध, सा ग ग. गिटारवर चौथी तार मोकळी, तिचाच दुसरा फ्रेट, तिसरी मोकळी, दुसरी मोकळी. पहिली ओळ गवर थांबते, दुसरी आणि तिसरी रेवर, चौथी सावर येते. ओळ रेवर थांबली की डी सेव्हन, सावर थांबली की परत जी. कॉर्ड पाठ करायची गरजच नाही. भूप शिकलेल्यांना स्वर ओळखीचे वाटतील, पण मींड घेऊ नका, सूर सरळ लावा. उजव्या हाताच्या अंगठ्याने खर्जाची तार, मग बाकीच्या तारांवर हलका हात, एवढंच.

गाताना ध्रुवपदावर जोर द्यायचा मोह होतो, तो टाळा. सगळी कडवी एकाच आवाजात, एकाच लयीत म्हणा, शेवटी लय संथ करू नका. आणि लॉराचं कडवं गाळू नका. अनेक जण वेळ वाचवायला नेमकं तेच गाळतात आणि गाणं नुसतं टॉमच्या कणवेचं होऊन जातं. कमी करायचंच असेल तर ध्रुवपद एकदा कमी म्हणा.